बिनचमकीचा काळा

अण्णा भिंतीवर आपटले. आवाज काही फार मोठा झाला नाही. जाडसं पुस्तक टेबलावरून खाली पडावं एवढाच. पण तो, त्यांचा मुलगा, स्टुलावरून उठून वळेपर्यंत म्हातारा दोन्ही तळवे भिंतीला टेकून, कपाळ भिंतीला लावून, पलीकडचं कुणाचं तरी बोलणं ऐकत असल्यासारखा उभा होता. दिवेलागणीची वेळ. खोलीतला दिवा त्यानेच मुद्दाम बंद ठेवला होता, कारण त्या अर्धवट उजेडात त्याला भिंतीवरचे काळे रंग पारखायचे होते. भिंतीवर त्याने चार नमुने लावले होते. आधीचे तीन वहीच्या पानाएवढे. चौथा मात्र चांगला दाराएवढा, कारण रंगाच्या दुकानदाराने सांगितलं होतं की लहान तुकड्यावर कुठलाही काळा काळाच दिसतो, त्याचं खरं रूप मोठ्या भिंतीवर कळतं. हा चौथा काळा बाल्कनीच्या दाराला लागूनच होता. अण्णा रोजच्या सवयीने बाल्कनीत निघाले होते, आणि दारातून जायच्या ऐवजी त्या काळ्यातून जायला गेले होते.

"अण्णा!"

"काही नाही, काही नाही," अण्णा म्हणाले. "दार उघडं आहे वाटलं."

त्याची बायको स्वयंपाकघरातून धावत आली, तिने दिवा लावला आणि आधी ती हसली. रंग पुरता वाळलेला नव्हता. अण्णांच्या कपाळावर आणि नाकाच्या शेंड्यावर काळं लागलं होतं, चष्म्याची एक काडी कानावरून सुटून वर उभी राहिली होती. "अहो अण्णा, डोळे कुठे ठेवून चालता?" ती म्हणाली. "खिशात," अण्णा म्हणाले, आणि तेही हसले. मग त्या काळ्यातून भुवईकडे एक लाल रेघ उतरताना तिला दिसली आणि तिचं हसू जागच्या जागी राहिलं. तिने त्यांना खुर्चीवर बसवलं, कापूस आणला, पाणी आणलं. एका कुरिअर कंपनीचं ऑफिस ती सांभाळत असे. फुटलेलं, भिजलेलं, चुकीच्या पत्त्यावर गेलेलं रोज निस्तरायची तिला सवय होती. तिने जखम पुसली, पट्टी चिकटवली, चष्मा सरळ केला. तो मात्र रंग तपासायचा टॉर्च हातात धरून तसाच उभा राहिला. त्याच्या मनात रक्त नव्हतं. त्याच्या मनात अण्णांचा हात होता. आपटल्यावर, त्याने हाक मारायच्या आधी, तो हात भिंतीवरून डावीकडे सरकला होता. बोटं पसरून, अगदी हलका, घाई न करता. चौकट लागली तशी तो खाली उतरला होता आणि कडी सापडल्यावर थांबला होता. चुकून धडकलेल्या माणसाचा हात असा चालत नाही. चुकून धडकलेला माणूस कपाळाला हात लावतो. हा हात या कामात मुरलेला होता.

खोली अण्णांची होती. म्हणजे आता नव्हती. त्याची मुलगी नोकरीसाठी दुसऱ्या शहरात गेली, तिची खोली रिकामी झाली, आणि बायको एके दिवशी चहा गाळता गाळता म्हणाली, "तुझं ते घरातलं थिएटर एकदाचं करून टाक. लग्न झाल्यापासून ऐकतेय." तिने मोजमापाचासुद्धा विचार केला होता. मुलीच्या खोलीला दोन खिडक्या, हवा खेळती, बाथरूम जवळ; अण्णांना तीच बरी. अण्णांची खोली चौकोनी, कोपऱ्यातली, बाहेरचा उजेड येणार तो एकट्या बाल्कनीच्या दारातून. प्रोजेक्टर आणि पडदा यांच्यामध्ये पाहिजे तेवढं अंतर नेमकं तिथेच मिळत होतं. कुणावर अन्याय नव्हता. उलट अण्णांना आधीपेक्षा चांगली खोली मिळत होती. तरी त्यांना सांगायला जाताना तो, शाळेचा निकाल दाखवायला जाताना फिरायचा, तसा दोनदा दारातून परत फिरला होता. अण्णा रेडिओ ऐकत होते. त्यांनी रेडिओ बारीक केला, सगळं ऐकून घेतलं, आणि म्हणाले, "तुला वाटेल तसं कर." मग रेडिओ पुन्हा मोठा केला.

या चार शब्दांना तो जन्मभर भ्यायला होता. अण्णा सरकारी बांधकाम खात्यात नकाशे काढायचे. रस्त्यांचे, पुलांचे, धरणाच्या भिंतींचे. घरीसुद्धा त्यांचं उतरतं टेबल होतं, त्याच्यावर मान मुरडलेला दिवा, आणि अण्णांचा हात त्या दिव्याखाली न थरथरता शेवटपर्यंत रेघ नेत असे. कॉलेजच्या वयात तो दुपारचे सिनेमे बघायचा. गोष्टीसाठी नव्हे. दिवे हळूहळू मंद होत जायचे, शेजारच्याचं नाक, मग खांदा, मग सगळाच शेजारी नाहीसा व्हायचा, आणि आता काही वेळ आपल्याला कुणी बघणार नाही, कुणी काही विचारणार नाही, याने त्याला इतकं हलकं वाटायचं की एकदा तर त्याचे डोळे भरून आले होते, आणि पडद्यावर तेव्हा नुसत्या जाहिराती चालल्या होत्या. सिनेमाचं काहीतरी शिकावं, फिल्म कापायचं जोडायचं काम, असं त्याच्या मनाने घेतलं. त्यासाठी दूर जावं लागणार होतं. तो टेबलाशी जाऊन उभा राहिला आणि बोलला. अण्णांनी रेघ पुरी केली, पेन टिपलं, आणि वर न बघता म्हणाले, "तुला वाटेल तसं कर." तो वाट बघत राहिला. त्याला वाटलं, याच्यामागून दुसरं वाक्य येईल. 'पण' येईल. रागावतील, निदान उसासा टाकतील. काहीच आलं नाही. जेवणं झाली, दिवस गेले, आणि त्या न आलेल्या वाक्याच्या धाकाने त्याने स्वतःच विजेच्या डिप्लोमाला नाव घातलं. त्यावरही अण्णा म्हणाले, "चांगलं आहे." कुणी त्याला अडवलं नव्हतं. तेच तर दुखणं होतं. अडवलं असतं तर बोट दाखवायला माणूस तरी सापडला असता.

आता तो लिफ्टची देखभाल करणाऱ्या कंपनीत सुपरवायझर होता. दिवसभर इमारतींच्या पोटात उतरायचं, दोरखंड बघायचे, ब्रेक बघायचे, तेल, धूळ, मेलेल्या पाली. कधी कुठे माणसं अडकली की फोन यायचा. दोन मजल्यांच्या मध्ये थांबलेल्या लिफ्टच्या फटीशी ओणवं होऊन आतल्यांशी बोलत राहायचं, हे त्याचं खास काम. ते त्याला चांगलं जमतं असं कंपनीत सगळे म्हणत. त्याला एक गोष्ट कळून चुकली होती. अडकलेली माणसं आधी विनोद करतात. मग चिडतात. आणि मग, हे सगळ्यात वाईट, फार नम्र होतात. "जरा बघता का, प्लीज," असं अगदी हळू म्हणतात, आपल्या आवाजाने दोरखंड तुटेल की काय अशा भीतीने. त्या आवाजावरून त्याला समजायचं की आता घाई केली पाहिजे.

दुसऱ्या दिवशी तो पुन्हा रंगाच्या दुकानात गेला. खरं तर जायचं कारण नव्हतं. पण काळा निवडण्यात त्याने एवढे दिवस घालवले होते की दुकानदाराला आता तो आला नाही तर चुकल्यासारखं होत असावं. दुकानदार गोल चेहऱ्याचा, बोलका माणूस. त्याला समोरच्या माणसाच्या अडचणीचा मनापासून आनंद व्हायचा. त्याने सुरुवातीलाच समजावून सांगितलं होतं, "पडद्यावरचा उजेड भिंतीवर जातो, भिंत तो परत पडद्यावर टाकते. मग तुमच्या सिनेमातली रात्र राखाडी होते. भिंतीने परत काही द्यायचंच नाही, असा रंग पाहिजे." पहिला काळा निळसर निघाला. दुसऱ्यात उन्हात विटलेल्या छत्रीची तपकिरी झाक होती. तिसरा चांगला काळा, पण टॉर्च तिरका धरला की त्याच्यावर तेलाचा तवंग आल्यासारखा दिसायचा. चौथ्या डब्यावर थाप मारून दुकानदार म्हणाला होता, "हा उजेड खातो साहेब, आणि वर ढेकरही देत नाही."

"तो चौथा कसा वाटला?" दुकानदाराने आता विचारलं.

"चांगला आहे."

"मग घेऊन टाका की."

"वडील आपटले त्याच्यावर."

"वा!" दुकानदार खूश झाला. "म्हणजे जमलाच की रंग! भिंत आहे हेच कळलं नाही त्यांना."

तोही हसला. हसता हसता त्याला जाणवलं की आपण विनोद करतोय, म्हणजे आपण पहिल्या पायरीवर आहोत. तो डबा न घेताच घरी आला आणि अण्णांना म्हणाला, "जखम दाखवायला जाऊ. जाता जाता डोळेही तपासून घेऊ." अण्णांनी नकार दिला नाही. त्यांनी कपडे बदलले, केस विंचरले, आणि गाडीत बसताना दार धरायच्या आधी त्यांचा हात हवेत किंचित रेंगाळला, हेही त्याने या वेळी पाहिलं.

डोळ्यांची डॉक्टर तरुण होती, पण चेहऱ्यावर थकवा होता. तिने बराच वेळ तपासलं. अण्णांची हनुवटी यंत्रावर टेकवली, बारीक ठिपके दिसले की बटण दाबा म्हणून सांगितलं. यंत्र सुरू राहिलं, आणि अण्णांचा अंगठा बटणावर ठेवलेला, स्वस्थ. मधूनच ते उगाच दाबत, न दिसताच, कुणाचं तरी मन राखायला दाबावं तसे. नंतर तिने अण्णांना बाहेर बसवलं आणि त्याला आत ठेवून घेतलं. "काचबिंदू आहे," ती म्हणाली. "दोन्ही डोळ्यांत. खूप जुना. कडेचं सगळं गेलंय, मधलंही धूसर झालंय. ओळखीच्या जागेत उजेड-अंधाराच्या अंदाजाने चालत असतील. किती वर्षं झाली हे?"

"माहीत नाही," तो म्हणाला.

"एकाच घरात राहता ना?"

हा प्रश्न तिने सहज विचारला होता. तिला रोग कधीपासूनचा ते हवं होतं. त्याने मात्र तो मनात पुन्हा म्हणून पाहिला. एकाच घरात. अण्णा वर्तमानपत्र रोज मांडीवर घेऊन बसत, पान उलटत. 'हल्ली अक्षरं बारीक करतात लेकाचे' म्हणून बातम्या सुनेकडून वाचून घेत. चहा ओतताना कपाच्या काठाच्या आत बोट धरत, आणि बायको त्याला स्वयंपाकघरात म्हणायची, "तुझ्या वडिलांना स्वच्छतेचं काही नाही हं." गल्लीत ओळखीच्यांना ओळख देईनासे झाले, तेव्हा ते दोघं म्हणाले होते, म्हातारपणी माणूस शिष्ट होतो. एकेक वस्तू जागच्या जागी लागायची त्यांना. स्टूल थोडं हललं तरी चिडचिड. याला त्यांनी हट्ट म्हटलं होतं. सगळं डोळ्यांसमोर होतं. दिसत कुणाला नव्हतं?

गेलेलं परत येणार नाही, उरलेलं जपायचं, असं सांगून डॉक्टरने थेंब दिले. परत येताना गाडी तोच चालवत होता. सिग्नलला थांबल्यावर तो म्हणाला, "अण्णा, तुम्ही बोलला का नाहीत?"

"काय बोलायचं? दिसत होतं तेवढं दिसत होतं."

"मी थिएटरचं काम थांबवतोय. तुमची खोली तुम्हाला परत. भिंत पांढरी करून देतो, सगळं होतं तसं लावून देतो."

अण्णा एकदम त्याच्याकडे वळले. चेहरा त्याच्या चेहऱ्याच्या थोडा बाजूला, आरशाकडे. "तसं करू नकोस," ते म्हणाले. "तू काम थांबवलंस, की सूनबाई विचारणार का, पोरगी फोनवर विचारणार का. मग म्हातारा आंधळा झाला म्हणून, असं होणार. ते घरभर होणार. मी पोरीच्या खोलीत वावरायला शिकेन. तू आपलं काम पुरं कर." आणि मग, अगदी खालच्या आवाजात, "करशील ना रे? प्लीज."

अण्णांच्या तोंडून हा शब्द त्याने जन्मात ऐकला नव्हता. मागच्या गाड्यांनी हॉर्न वाजवायला सुरुवात केली. हिरवा दिवा लागून किती वेळ झाला होता कुणास ठाऊक.

घरी बायकोला त्याने काचबिंदूचं सांगितलं, ते लपवणं शक्यच नव्हतं; अण्णांचं गाडीतलं 'प्लीज' मात्र सांगितलं नाही. ती पलंगाच्या काठावर बसली आणि 'डोळे कुठे ठेवून चालता' हे आपलंच बोलणं आठवून रडली. मग तोंड धुऊन आली आणि कामाला लागली. मुलीच्या खोलीतली सतरंजी काढली, टेबलाचे कोपरे बांधले, बाथरूमच्या दारापर्यंत भिंतीला एक कठडा बसवून घ्यायचं ठरवलं. तो म्हणाला, "थिएटरचं राहू देऊ का?" ती म्हणाली, "अण्णा काय म्हणतात?" "ते म्हणतात कर." "मग?" ती त्याच्याकडे बघत राहिली. "तुला एवढे दिवस रंग नव्हताच निवडायचा. तुला कुणीतरी नको म्हणायला हवं होतं. ते मी म्हणणार नाही, आणि अण्णाही म्हणणार नाहीत. आता तूच बघ." ती हे रागाने बोलली नाही. पुढे काही दिवस तो सकाळी कामाला जाई, संध्याकाळी येऊन त्या रिकाम्या खोलीत उभा राही. करावं तर म्हाताऱ्याच्या डोळ्यांवर आपणच काळं फासतोय. न करावं तर त्याची एवढीशी झाकलेली मूठ आपणच उघडतोय. दोन्ही बाजूंना भिंत. आपण कुणाच्या तरी फटीशी ओणवं होऊन धीर देत नाही आहोत, या खेपेला आतले आपणच आहोत, आणि बाहेर कुणी नाही, हे त्याला त्या खोलीत कळत असे. आणि तो टॉर्च लावून पुन्हा तिरका उजेड टाकून बघत असे. चौथाच चांगला होता. त्यात शंका नव्हती.

शेवटी त्याने तो घेतला. रंगारी आला, बाल्कनीचं दार आतून फळी ठोकून बंद झालं, भिंतींना आधी राखाडी हात आणि त्यावर काळ्याचे दोन. छतालाही काळाच. काम चालू होतं तेव्हा अण्णा दिवाणखान्यात बसून रोलरचा चिकट आवाज ऐकत असत आणि म्हणत, "हात सारखा पडतोय त्याचा. ऐकूनच कळतं." मुलीच्या खोलीत त्यांचं शिकणं चालू होतं. रात्री भिंतीवरून बोटं घासत गेल्याचा आवाज यायचा, मधेच काहीतरी पडायचं, मग बराच वेळ शांतता. बायको अंथरुणात उठून बसायची. तो तिचा हात धरायचा. उठून गेलं तर अण्णांना समजणार की आपण ऐकतोय. म्हणून दोघं अंधारात, श्वास धरून, त्यांना ऐकत नसल्यासारखे ऐकत राहायचे.

खोली तयार झाली. पडदा लागला, आरामखुर्च्या आल्या, प्रोजेक्टर छताला टांगला. पहिल्या रविवारी दोघांनी एक सिनेमा लावला. दुकानदार म्हणाला होता तसंच झालं: पडद्यावरची रात्र खरोखर रात्र होती, आणि तिच्या चारी बाजूंना काहीच नव्हतं, भिंत नाही, कोपरा नाही. बायको खूश झाली. तो मात्र बघू शकला नाही. इतकी वर्षं ज्या हलकेपणाची वाट बघितली तो येईल म्हणून तो खुर्चीत ताठ बसून राहिला. आला नाही. उलट आपल्याला कुणीतरी बघतंय असं वाटत राहिलं. त्यानंतर तो खोलीत फारसा गेलाच नाही. 'दमलोय' म्हणायचा. बायको एकटीच कधीतरी काहीतरी लावायची, अर्ध्यात बंद करायची.

पुढे एकदा प्रोजेक्टरची तार बघायला तो टॉर्च घेऊन आत गेला आणि टॉर्चचा झोत तिरका भिंतीवर पडला, तेव्हा त्याला तिथे एक चमक दिसली. कमरेच्या जरा वर, दारापासून निघून भिंतीभिंतीने आतल्या खुर्चीपर्यंत गेलेली, हाताच्या रुंदीची, गुळगुळीत पट्टी. बाकीची भिंत उजेड गिळत होती आणि एवढीच पट्टी तो परत देत होती. त्याने रंगाऱ्याला फोन केला. "हात फिरतोय कुणाचा तरी," रंगारी म्हणाला. "या रंगाला घासलेलं चालत नाही. पुसायला जाऊ नका, आणखी चमकेल."

त्याने घरी कुणालाच काही विचारलं नाही. पण एका दुपारी एका इमारतीची वीज गेल्यामुळे तिथलं काम होऊ शकलं नाही, आणि इतर वेळी तो दुसऱ्या इमारतीकडे वळला असता, त्या दिवशी मात्र घरी आला. घर शांत होतं. मुलीच्या खोलीत पलंग नीट आवरलेला, दोन्ही खिडक्यांतून ऊन आलेलं, आणि रेडिओ कुणासाठीच नसल्यासारखा बोलत होता. अण्णा नव्हते. बाथरूममध्ये नव्हते. मग त्याने काळ्या खोलीचं दार ढकललं. दिवाणखान्यातल्या उजेडाची एक पट्टी आत गेली आणि आतल्या खुर्चीपाशी, दोन पावलांवर पडली. पावलं लगेच मागे ओढली गेली.

"बाबू का?"

"हो."

"आत ये. आणि दार लाव."

त्याने दार लावलं. आजवर त्याने इथे प्रोजेक्टरशिवाय एक क्षणही काढला नव्हता. डोळे सरावतील म्हणून तो थांबला. सरावण्यासारखं काही नव्हतं. हात पुढे केला तर हात नाहीसा झाला. आपण किती मोठे आहोत, कुठे संपतो, हेच कळेना. एक पाऊल टाकलं आणि गुडघा कशावर तरी आपटला.

"उजवीकडे हो. आणखी जरा. हां, आता हात खाली कर, खुर्ची आहे." अण्णांचा आवाज इथे वेगळाच होता, ऐसपैस, नकाशाच्या टेबलाशी असायचा तसा. तो बसला.

"रोज येता?"

"दुपारी. सूनबाई कामाला गेली की. त्या खोलीत उजेड फार रे. सगळं पांढरं पांढरं होतं. धुक्यात नेऊन उभं केल्यासारखं. इथे मला पाऊलन्‌पाऊल पाठ आहे, आणि इथे दिसण्यासारखंच काही नाही. मग दिसत नाही त्याचं वाईट वाटत नाही."

मग अंधारात बोलणं सोपं असतं म्हणून, की आता तोंड कुणाला दाखवायचं नव्हतं म्हणून, त्याने विचारलं, "मग ही खोली मी मागितली तेव्हा तुम्ही नाही का म्हणाला नाहीत?"

"मागितलीस कुठे?" अण्णांच्या आवाजात तक्रार नव्हती. "तू सांगितलंस. आता असं असं होणार म्हणून. सांगितल्यावर काय म्हणायचं असतं?"

त्याने तोंड उघडलं. त्याला त्या टेबलाचं विचारायचं होतं, मान मुरडलेल्या दिव्याचं, तेव्हाचं. तेव्हा मी विचारलं होतं, की सांगितलं होतं? आणि त्याच्या ध्यानात आलं की अण्णांचं उत्तर त्याने शब्दन्‌शब्द इतकी वर्षं सांभाळलं, उगाळलं. आपण काय बोललो होतो ते मात्र त्याला आठवत नव्हतं. एक शब्द आठवत नव्हता. तो डोळे ताणून समोर बघत राहिला. दार कुठल्या बाजूला होतं तेही आता त्याला सांगता आलं नसतं.

"अण्णा," तो म्हणाला, "तुम्हाला माझा चेहरा दिसतो का?"

खुर्ची किंचित करकरली.

"बरेच दिवस नाही," अण्णा म्हणाले. "शेवटचा नीट कधी पाहिला ते काही लक्षात नाही. पण अडत नाही रे. तू बोललास की तुझा कॉलेजातला चेहरा येतो. तोच लावून घेतो आवाजाला."

तो ते ऐकत राहिला. म्हणजे इतके दिवस जेवताना, गाडीत, दवाखान्यात, अण्णांच्या शेजारी तो पोरगाच वावरत होता, तो टेबलाशी उभा राहिलेला. त्याने नकळत स्वतःच्या कपाळावर हात नेला. हात कपाळावरून मागे गेला आणि मागे जातच राहिला.

"केस गेले, अण्णा."

"कुणाचे?"

"माझे. टक्कल पडलंय. वरती सगळंच."

"कधी?"

"बरीच वर्षं झाली."

"अरे, मग सांगायचं नाही का!" अण्णा कडाडले. खरेखुरे रागावले होते; खुर्चीच्या हातावर त्यांची मूठ आपटलेली त्याला ऐकू आली. "मी इथे रोज तुला दाट केस घालून बसवतोय! एका घरात राहायचं आणि एवढं साधं सांगायचं नाही म्हणजे काय?"

तो हसायला लागला, आणि त्याला ते हसू आवरेना, आणि ते हसूच आहे याची त्याला खात्रीही वाटेना. अण्णा थांबले. त्यांचा श्वास हळूहळू खाली आला.

"मिशी?" त्यांनी विचारलं.

"मिशी आहे."

"पांढरी?"

"अर्धीअधिक."

"हं." थोड्या वेळाने अण्णा पुढे सरकून बसल्याचा आवाज आला. "नीट सांग. वरून खाली."

बाहेर कुलपात किल्ली फिरली. बायको लवकर आली होती. तिची पर्स टेबलावर पडली, तिने अण्णांना हाक मारली, मग मुलीच्या खोलीत जाऊन पुन्हा मारली, या वेळी जरा घाबरून. दोघांनीही ओ दिली नाही. त्याने आवाज थोडा खाली आणला आणि कपाळापासून सुरुवात केली.